मोजणीत एक कमी

आधीच सांगून ठेवते, मी मऊ बाई नाही. सुधारगृहातली पोरं मला माघारी ‘टीप’ म्हणतात आणि मला ते ठाऊक आहे. वाकडी शिलाई मी जागच्या जागी उसवायला लावते. उशिरा आलेल्याला दारात उभं करते. कुणी रडायला लागलं तर म्हणते, आधी हातातली शिलाई संपव, मग बसून रड, मी थांबते. अकरा वर्षं इथे शिवण शिकवतेय. त्याआधी एकोणीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर उभी होते. तेव्हा मला गरीब बिचारी समजून कुणी ही गोष्ट ऐकू नये. यात चूक माझीच आहे.

आमच्या वर्गात चौदा मशिनं आहेत, एक लांब टेबल आहे आणि भिंतीवर एक फळी. त्या फळीवर धागे कापायच्या बारा छोट्या कात्र्या टांगलेल्या असतात. बोटं घालायच्या कड्या नसलेल्या, मुठीत दाबून चालवायच्या, जेमतेम चार बोटं लांब. प्रत्येकीच्या मागे पिवळ्या रंगात तिचा आकार काढलेला आहे, म्हणजे एक जरी कमी असली तरी तो रिकामा पिवळा आकार डोळ्यांत खुपतो. वर्ग उघडताना मोजणी, बंद करताना मोजणी. मी मोजते, शिपाई मोजतो, दोघं वहीत सही करतो, आणि मगच दाराची कडी निघते. बाराच्या अकरा झाल्या तर कुणी हलायचं नाही.

सात महिन्यांपूर्वी एका बुधवारी अकरा झाल्या.

काय गोंधळ उडाला म्हणून सांगू! पोरांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. खिसे, बूट, मोजे, कॉलरच्या शिलाया, सगळं तपासलं. टेबलाखाली, कपाटात शोधलं. तीन तास. मी मध्ये उभी राहून ओरडत होते, “ज्याने घेतली त्याने मुकाट्याने काढा, नाहीतर माझ्याशी गाठ आहे!” झडती सगळ्यांची झाली, माझी सोडून. शिक्षकांची झडती घ्यायची पद्धतच नाही. शिपाई मला म्हणाला, “बाई, तुम्ही बसा, तुम्हाला चक्कर येईल.”

घरी आले, तोंड धुतलं, आरशासमोर उभी राहून अंबाडा सोडला, आणि कात्री टणकन जमिनीवर पडली.

कापणी-शिलाईच्या बायकांना ही सवय असते. दोन्ही हात कापडात अडकले की सुई छातीशी पदराला टोचायची, टाचण्या दातांत धरायच्या, आणि हातातली छोटी कात्री अंबाड्यात खोचायची. कारखान्यात तर आम्ही सगळ्याच तशा हिंडायचो. माझे केस दाट आहेत, आणि त्याचा मला तोरा आहे, खोटं कशाला बोलू. त्या दाट केसांत ती कात्री अशी रुतून बसली की मला तिचं वजनही लागलं नाही.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? दुसऱ्या दिवशी अधीक्षक साहेबांच्या टेबलावर ती ठेवून म्हटलं असतं, साहेब, मी मूर्ख. पण हत्यार बाहेर नेलं म्हणजे नोकरीवर गदा. मी काय केलं, तर सकाळी लवकर गेले, वर्गात शिरताना ती कात्री एका मशिनच्या पायडलमागे टाकली आणि मग सगळ्यांसमोर ‘सापडली’ म्हणून ओरडले. मला वाटलं, पडली असेल, दिसली नसेल, विषय संपेल. ते मशिन कुणाचं हे बघायचंही मला सुचलं नाही, इतकी माझी घाई.

ते पाच नंबरचं मशिन होतं. पाच नंबरवर बटण बसायचा.

बटणला चौदा दिवस वेगळ्या खोलीत ठेवलं, आणि त्याच्या फायलीत लाल शेरा पडला: ‘धारदार हत्यार लपवून ठेवले.’ तो काहीच बोलला नाही. मीही काही बोलले नाही.

या पोराचं नाव बटण कसं पडलं तेही सांगते. पहिल्या दिवशी शर्टाला एक बटण लावायला त्याने चाळीस मिनिटं घेतली, आणि उठायला गेला तर शर्ट त्याच्या स्वतःच्या पँटलाच शिवलेला. सगळा वर्ग हसून लोळला. मी हसले नाही, पण घरी जाऊन हसले. तोच पोरगा वर्षभरात कॉलर बसवायला शिकला. कॉलर बसवणं सोपं नाही, भल्याभल्यांची होत नाही.

आणि त्याने जे केलं होतं, तेही लपवत नाही. वय अठरा वर्षं तेवीस दिवस. मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून त्याने बस डेपोसमोर एका वयस्कर माणसाच्या हातातली पिशवी ओढली. त्या माणसाने पिशवी सोडली नाही. फरफटत गेला आणि डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. पिशवीत जेवणाचा रिकामा डबा आणि चष्मा होता. तो माणूस त्या डेपोत एकतीस वर्षं गाड्या पुकारायचा. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती वाजता, ते सगळं शहर त्याच्या तोंडून ऐकायचं. तो जगला, पण त्याची वाचा गेली.

मोटारसायकल चालवणारा मित्र सतरा वर्षं दहा महिन्यांचा. तो बालन्यायालयात गेला आणि वर्षभरात घरी आला. बटणला सहा वर्षं. दोघांच्या वयात तीन महिन्यांचं अंतर.

पूर्वी अठरा उलटली की थेट मोठं कारागृह. दोन वर्षांपूर्वी सरकारने एक प्रयोग काढला की अठरा ते एकवीसमधल्या काही पोरांना न्यायालय आमच्याकडे ठेवू शकतं. दरवर्षी तीन जणांचं मंडळ बसतं आणि ठरवतं, हा इथे राहायच्या लायकीचा आहे का. एकविसाव्यापर्यंत नीट राहिला तर उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेर भोगायची सोय. नाही राहिला तर रवानगी मोठ्या कारागृहात, शेवटच्या दिवसापर्यंत. तिथे गेलेली आमची तीन पोरं मी नंतर भेटायला गेले होते. एकाने मला ओळख दाखवली नाही. पुढच्यांना भेटायला मी गेलेच नाही.

सोमवारी दुपारी अधीक्षक साहेब फाइल घेऊन वर्गात आले.

“बाई, उद्या मंडळ बसतंय. बटणचा आढावा आहे. तुमचा दोन ओळींचा अभिप्राय द्या. फार डोकं लावू नका, लाल शेरा आहे, दहा मिनिटांत आटपेल.”

“आटपेल म्हणजे?”

“म्हणजे जाईल तो. लाल शेरा असलेल्याला मंडळ ठेवत नाही, तुम्हाला माहीत नाही का?”

माहीत होतं हो. सात महिने मला रोज माहीत होतं. पाच नंबरच्या मशिनवर बटण मान खाली घालून बाही जोडत होता. मी फाइल घेतली, लिहिते म्हटलं, आणि काही लिहिलं नाही.

आमचे हे तीस वर्षं बस चालवत होते. संध्याकाळी जेवायला बसलो आणि मी उद्याच्या मंडळाचा विषय काढला, तर घास तसाच हातात धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तोच ना? आमच्या आवाजाला पाडणारा?” डेपोत त्या माणसाला सगळे ‘आवाज’च म्हणायचे.

“तोच.”

“मग जाऊ दे की मोठ्या कारागृहात. तू कशाला जीव काढतेस? अगं, धुक्यात पुढचं चाक दिसत नसायचं तेव्हा त्या माणसाच्या आवाजावर मी गाडी फलाटाला लावलीये. गेल्या महिन्यात भेटायला गेलो, तर त्याने माझा हात धरला आणि नुसता तोंड उघडत राहिला. आणि तुझं ते पोर बाह्या जोडतंय!”

“अहो, पण तो अठराचा होता.”

“अठराव्या वर्षी मी क्लीनर म्हणून गाडीवर होतो. कुणाची पिशवी ओढली नाही मी.”

“तुमचे वडील होते घरात. याला कोण होतं?”

“वडील नसलेली सगळी पोरं पिशव्या ओढतात का?”

दर वेळी आमचा वाद इथेच येऊन अडकायचा आणि दर वेळी मी भांडी आपटत उठायचे. त्या दिवशी उठले नाही. ताट बाजूला सारलं आणि कात्रीची सगळी गोष्ट सांगितली. अंबाडा, पायडल, लाल शेरा, सगळं.

यांनी घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, “आणि तू सात महिने माझ्यासमोर जेवतेयस.”

“हो.”

“निवृत्तीला किती राहिले तुझ्या?”

“चौदा महिने.”

ते पाणी प्यायले. “हे बघ, मी त्या पोराच्या बाजूचा नाही, उद्याही नसेन. त्याने जे केलं त्याची शिक्षा त्याला होऊ दे. पण तुझ्या केसांत अडकलेल्या कात्रीची शिक्षा त्याला कशी काय? उद्या सांगून टाक.”

“काढून टाकतील मला.”

“टाकू देत. मी आहे ना! स्वयंपाक येत नाही मला, तेवढं सोडलं तर मी आहे.”

मी रडले, आणि मग मलाच राग आला, कारण घासायची भांडी तशीच पडली होती. ती घासली आणि झोपले.

मंडळ ग्रंथालयात बसलं होतं. मध्ये निवृत्त न्यायाधीश बाई, त्या अध्यक्ष. उजवीकडे मनोविकार तज्ज्ञ डॉक्टरीणबाई, डावीकडे पोलीस खात्यातले एक वरिष्ठ साहेब. भिंतीशी अधीक्षक, त्यांच्याशेजारी शिपाई आणि बटण. आणि समोरच्या खुर्चीत त्या डेपोवाल्यांची मुलगी. पस्तिशीची असेल. मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात.

मी पोचले तेव्हा वादाला तोंड फुटलंच होतं.

“मेंदूचा विवेकाचा भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो,” डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. “अठराव्या वाढदिवसाच्या सकाळी माणूस मोठा होऊन उठत नाही.”

“मग मतदान पंचविशीनंतर द्या,” पोलीस साहेब म्हणाले. “लग्न, गाडीचा परवाना, सगळं पुढे ढकला. हक्क हवे तेव्हा मोठा आणि शिक्षा आली की बाळ? रेघ कुठेतरी ओढावीच लागते, बाई.”

“रेघ ओढा, पण ती मोटारसायकलवर बसलेल्या दोघांच्या मधून गेली ना! चालवणारा घरी आणि मागचा सहा वर्षं आत.”

“म्हणजे चालवणारा सुटला ही चूक झाली. मागच्याला सोडून ती चूक दुप्पट होईल.”

खरं सांगते, दोघांचंही मला पटत होतं, आणि त्यामुळेच मला दोघांचाही राग येत होता. न्यायाधीश बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “शिवणाच्या बाई ना तुम्ही? रोज या मुलांसोबत असता. तुमचं काय म्हणणं?”

मी काय बोलायला आले होते आणि माझ्या तोंडून काय निघालं! म्हटलं, “आम्ही वाढत्या अंगाचे कपडे शिवतो तेव्हा शिलाईच्या आत कापड सोडतो. पुढे उसवून मोठं करता येतं. कडेला चिकटून कापलं की संपलं, मग तो कपडा...”

“बाई,” पोलीस साहेब म्हणाले, “माणूस म्हणजे पायजमा नव्हे.”

मुलगी सोडून सगळे हसले. शिपाईसुद्धा. मीही हसले असते, पण तेवढ्यात तिने माझ्याकडे पाहिलं.

मग तीच बोलली. आवाज अगदी सपाट. “मला मेंदूचं काही कळत नाही. मी बाबांना सकाळी आंघोळ घालते, मग नोकरीला जाते. दुपारी शेजारच्या काकू बघतात. बाबा वहीत लिहून मागतात, पण हात थरथरतो, वाचता येत नाही. माझ्या बाबांचा आढावा घ्यायला दरवर्षी कुठलं मंडळ बसत नाही. याला इथे ठेवायचं की तिथे, याच्यासाठी तुम्ही तीन शिकलेली माणसं सकाळपासून बसलात. मला एवढंच विचारायचंय, इथे वर्षभर ठेवून हा सुधारला का? फायलीत तर लिहिलंय, कात्री लपवली. कुणाला मारायला लपवली होती?”

बटणने मान वर केली नाही.

तेव्हा मी उठले. टेबलाची कड धरली.

“कात्री त्याने नाही लपवली. माझ्याकडे होती.”

आणि मग सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. मशिनच्या मागे टाकली, ओरडले, चौदा दिवस गप्प बसले, पुढेही गप्प बसले. अधीक्षक साहेब मध्येच, “बाई, बाई, जरा विचार करून बोला,” म्हणाले. मी म्हटलं, “साहेब, सात महिने विचारच केला. आता बोलू द्या.”

डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हटलं, “तुम्ही पंचविशी म्हणालात. मी छप्पन्न वर्षांची आहे. माझा मेंदू पिकून वर्षं झाली, आणि तरी मी हे केलं. भीतीने केलं. मग माझी चूक एका पोराच्या नावावर चढली, आणि मी ती तिथेच राहू दिली. मला काय ती शिक्षा करा, पण तो शेरा त्याच्या नावावरून काढा.”

पोलीस साहेबांनी पेन खाली ठेवलं. न्यायाधीश बाईंनी बटणकडे पाहिलं. “तू तेव्हा काही बोलला का नाहीस? तुझ्याकडे कात्री नव्हती, हे तरी सांगायचंस.”

बटण उभा राहिला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. “मला दिसली होती.”

“काय?”

“कात्री. बाईंच्या केसांत. बाई माझी कॉलर बघायला वाकल्या होत्या तेव्हा. मला वाटलं, आठवेल त्यांना. मग झडती सुरू झाली.”

मी खाली बसले. सात महिने एकाच गोष्टीचा मला आधार होता की पोराला खरं माहीत नाही. त्याला वाटत असेल, कुणा दुसऱ्या पोराने आपल्यावर ढकललं. आणि तो रोज माझ्याच केसांकडे बघत बाह्या जोडत होता! जमीन फाटावी आणि मी आत जावं, असं झालं.

“मग सांगितलं का नाहीस?” न्यायाधीश बाईंनी विचारलं.

“बाई गेल्या असत्या. सुतारकामाचे मास्तर गेले तेव्हा त्या खोलीला कुलूप लागलं, ते अजून आहे. मग दिवसभर व्हरांड्यात बसायचं. मी आधी चार महिने बसलोय व्हरांड्यात.”

“म्हणजे बाईंना वाचवायला गप्प बसलास?” पोलीस साहेबांनी विचारलं.

“नाही साहेब. बाईंना नाही.” तो जरा थांबला. “मशिनला.”

या वेळी कुणी हसलं नाही. पोलीस साहेब अध्यक्षांकडे वळले. “बघा, हेच मी म्हणतोय. चौदा दिवस कोठडी आणि सात महिने तोंड बंद, तेही पूर्ण विचार करून. एवढा विचार करता येणारा माणूस लहान नसतो. त्याने पिशवी ओढली तेव्हाही त्याला कळत होतं.”

“त्याच गोष्टीवरून मी उलटं म्हणेन,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अठराव्या वर्षी या मुलाला एका पिशवीपुढे काही दिसलं नाही. एकोणिसाव्या वर्षी त्याला पुढचं वर्ष दिसतंय. मध्ये काय झालं? तो या खोलीत होता.”

दोघं तावातावाने भांडत राहिले. न्यायाधीश बाई लिहीत होत्या. पण ती मुलगी माझ्याकडे बघत होती.

“तुम्ही किती महिने गप्प होतात म्हणालात?”

“सात.”

“माझे बाबा एकोणीस महिने गप्प आहेत. त्यांना तुमच्यासारखं उठून बोलता येणार नाही.”

मी मान खाली घातली.

ती उठली, पर्स खांद्याला लावली आणि बटणसमोर जाऊन उभी राहिली. शिपाई पुढे सरकला, तिने हातानेच त्याला थांबवलं. “कात्री तू घेतली नव्हतीस, हे कळलं मला. ते मी धरणार नाही. पण पुढच्या वर्षी मी परत येणार आहे, आणि परत विरोधच करणार आहे. तू इथे काय काय शिकलास, ते मला तेव्हा सांगायचं. मला. यांना नाही.”

“सांगतो,” बटण म्हणाला. एवढंच.

निकाल दोन विरुद्ध एक लागला. लाल शेरा खोडायचा, बटणला एक वर्ष इथेच ठेवायचं, पुढच्या वर्षी पुन्हा आढावा. पोलीस साहेबांनी विरोधी मत लिहिलं, पण जाताना मला म्हणाले, “बाई, शेरा खोडायला आम्ही तिघं एक होतो, बरं का.” मग जरा घुटमळून, “पायजम्याचं वाईट वाटून घेऊ नका.”

“वाटून घेतलं नाही,” मी म्हटलं. “तुमच्या कोटाची उजवी बाही मात्र उसवलीये, ती शिवून घ्या.”

अधीक्षक साहेबांनी त्याच दुपारी माझ्या हातात निलंबनाचं पत्र दिलं. मी ते घेतलं. म्हटलं, “मला काय करायचं ते करा, पण खोली बंद करू नका.”

“शिक्षक नसताना कात्र्या काढता येत नाहीत, बाई. नियम तुम्हाला माहीत आहे.”

“मग बिनकात्रीचं काहीतरी द्या पोरांना. बटणं लावू द्या, धागे दातांनी तोडतील.”

“नाही.”

वर्गाला कुलूप लागलं. बटणला ज्याची भीती होती तेच झालं, आणि ते माझ्यामुळे झालं. चौकशी चालू होती तोवर मी घरी बसून राहिले नाही. दर सोमवारी आणि गुरुवारी कार्यालयात जाऊन अर्ज देत होते. एकच अर्ज, तारीख तेवढी बदललेली: चौकशीचा जो निकाल लागेल तो मला मान्य आहे, शिक्षा द्या, मात्र वर्ग उघडा, आणि मी परत आले तर येता-जाता पोरांइतकीच माझी झडती घ्या. कारकून वैतागला. म्हणाला, “बाई, शिक्षकांच्या झडतीचा नियमच नाही, तुम्ही काय डोक्याला ताप देताय?” मी म्हटलं, “मग करा नियम. मी बसते तोवर.” आणि बाकावर बसले. आमचे हे घरून जेवणाचा डबा आणून द्यायचे. त्यात त्यांनी शिजवलेला भात असायचा. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

चौतिसाव्या दिवशी पत्र आलं. सक्त ताकीद, निवृत्तीपर्यंत वेतनवाढ बंद, आणि शिवणवर्गापुरता नवा नियम: शिक्षकांचीही झडती.

सकाळी मी फाटकाशी गेले. नवी महिला शिपाई होती, पोरीच्या वयाची. तिने पिशवी पाहिली, खिसे पाहिले, आणि लाजून म्हणाली, “झालं बाई, जा.”

“झालं कसं? केस राहिले.”

“राहू दे हो बाई.”

“राहू दे कसं? याच केसांनी सगळा घोळ घातला.”

मी पिना काढल्या, अंबाडा सोडला आणि मान खाली घालून केस झटकले. फाटकाच्या आत व्हरांड्यात पोरं रांगेने बसली होती. टीपचे केस मोकळे! आत सगळा पांढरा कापूस आहे, हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. वरवर काळा रंग लावत होते ना! एकजण फिदीफिदी हसला. मी म्हटलं, “हस. आज काज करायचंय तुला, तेव्हा बघते.”

पुन्हा अंबाडा घातला, घट्ट. कुलूप काढलं. खोलीत धुळीचा वास भरला होता. पोरं आत आली, बटण पाच नंबरच्या मशिनवर जाऊन बसला आणि बाहीने त्याची धूळ पुसायला लागला. माझ्याकडे बघेना.

“ए, इकडे ये,” मी म्हटलं. “फळी मोज.”

“मी?”

“मग काय मी मशिनला सांगतेय?”

तो फळीसमोर उभा राहिला. बोट लावून एकेक मोजली. बारा. शिपायाने मोजल्या, मी मोजल्या. शिपायाने सही केली, मी केली. मग मी वही बटणसमोर सरकवली. तिसरा रकाना मी घरूनच आणलेल्या फूटपट्टीने आखला होता. तीन बोटं रुंद.

“इथे तुझी सही,” मी म्हटलं. “आजपासून तू मोजायचं आणि सही करायची. एक कमी आली तर सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं. माझ्या डोक्यात दिसली तरी.”

त्याने पेन घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या मंडळानंतर पहिल्यांदाच.

“बाई, मी सांगायला हवं होतं.”

“मी सांगायला हवं होतं,” मी म्हटलं. “तू नाही. मी.”

त्याने सावकाश सही केली. पूर्ण नाव लिहिलं, रकान्यात बसेल असं. पुढच्या आढाव्याला जेमतेम अकरा महिने होते, आणि त्या दिवशी समोरच्या खुर्चीत ती मुलगी पर्सवर हात ठेवून बसणार होती. तिला सांगायला त्याच्याकडे काहीतरी असायला हवं होतं.

मी त्याच्या मशिनवरचा अर्धवट शर्ट उचलला आणि उजेडात धरला.

“बाही वाकडी बसलीये,” मी म्हटलं. “उसव. परत बसव.”